डबी दोनदा बंद झाली

त्या संध्याकाळी माझ्या खिशात एवढंच सामान होतं: चार रबरबँड, एक चार्जिंग केबल, मार्कर, स्टिकी नोटचं छोटं पॅड, तीन नाणी आणि पत्त्यांचा एक कॅट. पत्ते नुसते धीराला. एका कंपनीचा कौटुंबिक मेळावा होता आणि टेबलाटेबलावर फिरून लोकांच्या अगदी नाकासमोर पाच-सात मिनिटांचे जादूचे खेळ करायचे, हे माझं काम. आम्ही त्याला क्लोज-अप म्हणतो. स्टेज नाही, पडदा नाही, प्रेक्षक दीड हातावर, आणि त्यातला एक जण हमखास माझ्या बाहीत डोकावणारा.

लाल रुमाल आणि चकचकीत पेट्या मी केव्हाच सोडल्या. पेटी बाहेर काढली की समोरचा मनात म्हणतो, गोम पेटीत आहे. त्याचीच किल्ली, त्याचंच पेन घेतलं की ही वाट बंद होते. मोबाइल मात्र दगा देतो. स्क्रीन उजळली रे उजळली की कुणीतरी म्हणतंच, ‘अ‍ॅप असेल.’ हे दोन शब्द कानावर आले की खेळ संपला म्हणून समजावं, मग खरोखर हातांनी केलेलं असलं तरी. म्हणून मी मोबाइल स्क्रीन बंद करून, फरशीचा तुकडा असावा तसा वापरतो.

सहाव्या की सातव्या टेबलावर एक तरुणी आणि तिचे वडील बसले होते, आणखी चार-पाच जण होते. वडिलांच्या खुर्चीला घडीची पांढरी काठी टेकवलेली होती. खरं सांगतो, ती दिसली तेव्हा माझी पावलं जरा रेंगाळली. आमच्या धंद्याचं जुनं नाव नजरबंदी. जिथे नजरच नाही तिथे बांधायचं काय? पण तोवर बाकीच्यांनी खुर्च्या सरकवून जागा केली होती.

मी माझा नेहमीचा, बसलेला खेळ काढला. स्टिकी नोटचा कोपरा फाडून त्यावर मुलीची सही घेतली, चार घड्या घातल्या. तिच्या वायरलेस इअरबडची डबी टेबलावर होती. ‘ही बंद आहे ना? उघडून बघा, परत लावा, आणि तुमच्यासमोरच ठेवा.’ तिने तसं केलं. मग कागद माझ्या मुठीत, मुठीवर फुंकर, मूठ रिकामी. थोड्या गप्पा, एक घासून गुळगुळीत झालेला विनोद, सगळे हसले. शेवटी मी म्हटलं, ‘आता डबी तुम्हीच उघडा.’ आत इअरबडच्या शेजारी तिची सही.

टेबलावर गलका झाला. कुणी म्हणालं, ‘शक्यच नाही.’ कुणी डबी उलटीपालटी करायला लागलं. त्या गलक्यात ते पांढऱ्या काठीचे काका माझ्या बाजूला कलले आणि फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘डबी दोनदा बंद झाली.’

माझ्या पोटात गोळा आला.

त्या डब्यांच्या झाकणाला चुंबक असतो. शेवटचा अर्धा सेंटिमीटर राहिला की झाकण तुमच्या हातून सुटतं आणि स्वतःच मिटतं. टक. नख लावून ते अडवायला शिकण्यात माझे तीन महिने गेले होते, आणि तरीही जो काही आवाज उरतो तो बरोबर हशाखाली जाईल अशी विनोदाची जागा मी बसवली होती. शेकडो वेळा हा खेळ केला. तो ‘टक’ आजवर एकालाही ऐकू आला नव्हता.

जुन्या वस्तू मुक्या होत्या हे तेव्हा ध्यानात आलं. नाणं, दोरी, रुमाल यांना गप्प ठेवता येतं. हल्लीच्या वस्तूंना तोंड फुटलेलं आहे. चुंबक टकटकतो, फोन थरथरतो, चार्जरला लावला की आवाज करतो. आणि आम्ही मात्र अजून डोळ्यांचाच हिशेब करत बसलोय. तो हिशेब चुकीचा आहे असं नाही. गुस्ताव कून आणि बेंजामिन टॅटलर या मानसशास्त्रज्ञांनी 2005 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. जादूगार हातातली सिगारेट सरळ उघड्यावर स्वतःच्या मांडीत टाकतो, आणि समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांना ती पडताना दिसत नाही. गंमत पुढेच आहे. नजर टिपणाऱ्या यंत्राने दाखवलं, की ज्यांना दिसली आणि ज्यांना नाही दिसली त्यांचे डोळे त्या क्षणी काही वेगवेगळ्या जागी नव्हते. फरक लक्षाचा होता. माझा विनोद नेमकं तेच करतो, लक्ष उचलून दुसरीकडे नेतो. काकांचं लक्ष त्याने हललंच नाही, कारण ते विनोद ऐकत नव्हते, टेबल ऐकत होते.

‘काही बोलणार नाही मी,’ ते म्हणाले. ‘पण मला पण दाखवा की काहीतरी. हातात.’

मुलगी ओशाळली. ‘बाबा, त्यांना अजून पुढची टेबलं आहेत.’

मी खुर्ची ओढून बसलो. त्यांच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर एक रबरबँड ताणला. दुसरा माझ्या बोटांत, त्यांच्या बँडमागून घेऊन अडकवला. ‘ओढतोय. अडकलाय?’ त्यांनी दुसऱ्या हाताने दोन्ही बँड चाचपले, मग माझी बोटं एकेक करून मोजली. असं कुणी करत नाही. डोळस माणूस बघतो आणि मान डोलावतो. यांनी पुरता पंचनामा केला. मग ताण देता देता बँड आरपार निघाला. त्यांच्या बोटांवरची ओढ एकदम नाहीशी झाली, तसा त्यांच्या तोंडून एक छोटा ‘अरे’ निघाला.

‘परत.’

खेळ परत करायचा नाही, हा पहिल्या दिवशी शिकवलेला नियम. कुठलाही खेळ तीनदा पाहिला की मला उलगडतो, अशी प्रसिद्ध जादूगार हुदिनीची फुशारकी होती. 1922 साली डाय व्हर्नन या दुसऱ्या जादूगाराने त्याला पत्त्यांचा एक खेळ पुन्हा पुन्हा करून दाखवला आणि हुदिनीला तो शेवटपर्यंत सुटला नाही. पण मी काही व्हर्नन नाही. तरी केला. बँड निघाला.

‘आता एकदा, पण बोलू नका.’

मी गप्प बसलो आणि हात चालेना. म्हणजे बोटं हलत होती, पण कधी हलायचं ते त्यांना कळत नव्हतं. ती युक्ती मी इतकी वर्षं ‘बघा हं’ या शब्दांवर चढवून करत आलो होतो, आणि शब्द काढून घेतल्यावर पायरी चुकल्यासारखं झालं. बँड तुटला आणि माझ्याच नखावर चटका बसला.

काका हसले, पण कुत्सित नाही. ‘त्या डबीच्या वेळीही तुम्ही असाच आवाज चढवला होता. आधी श्वास घेतलात, मग बोललात. म्हणून मी कान दिला.’

बारा वर्षांत एकाही गुरूने हे सांगितलं नव्हतं. आरशासमोर सराव करतो ना आम्ही. आरशाला श्वास ऐकू येत नाही.

उठायला हवं होतं, पण आता माझाही हट्ट पेटला. मी एक नाणं काढलं, काकांना चाचपू दिलं, त्यांच्या तळव्याच्या मधोमध ठेवून अंगठ्याने चांगलं दाबलं. ‘मूठ मिटा. घट्ट.’ त्यांनी मिटली. ‘आहे?’

‘आहे.’

‘नक्की?’

‘टोचतंय की हो.’

‘उघडा.’

त्यांनी मूठ उघडली आणि दुसऱ्या हाताची बोटं तळव्यावर फिरवली. एकदा, दोनदा. मग मनगटाकडे, मग बोटांच्या बेचक्यांत. चेहऱ्यावर जे आलं ते मी टाळ्यांमध्ये कधी पाहिलेलं नाही. ‘होतं,’ ते म्हणाले. ‘अजून आहे. लागतंय मला.’ मुलगी आळीपाळीने त्यांच्या हाताकडे आणि माझ्याकडे बघत होती. या वेळी टेबलावरच्या कुणालाच काही विशेष घडल्यासारखं वाटलं नव्हतं, कारण बघण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

पुढचं टेबल हाका मारत होतं, संयोजक दुरून घड्याळ दाखवत होता. मी उठलो.

‘सांगणार नाही ना?’ काकांनी विचारलं.

‘नाही.’

सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने पेले आणि खड्यांच्या खेळाविषयी लिहून ठेवलंय, की त्यातली फसवणूकच आपल्याला आवडते, कसं केलं ते कळलं की गोडी जाते. मी हे वाक्य कैकदा लोकांच्या तोंडावर फेकलंय. तिथून निघताना मागे वळून पाहिलं, तर काका स्वतःच्या डाव्या तळव्यावर उजवा अंगठा दाबत होते. दाबायचा, उचलायचा आणि मान किंचित तिरपी करून थांबायचं. मग परत दाबायचा, या वेळी जास्त जोरात. चौथ्या की पाचव्या खेपेला ते एकटेच खुदकन हसले आणि मुलीला म्हणाले, ‘हात दे तुझा.’