उंची दुप्पट केल्यावर

रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीच्या मुखाजवळ आमचा गट ड्रोनने चुंबकीय सर्वेक्षण करत होता आणि त्याच्या नोंदी रोज संध्याकाळी नाशिकच्या कार्यालयात माझ्याकडे येत असत. एका बाजूला कातळसड्याचा तुटलेला कडा, दुसऱ्या बाजूला कांदळवन आणि मध्ये भरतीला बुडणारी पुळण, अशा जागी उपकरण पाठीवर घेऊन सरळ रेषेत चालणे कोणालाही शक्य नव्हते. शोध होता काळ्या वाळूचा, म्हणजे मुख्यतः इल्मेनाइट या टायटॅनियमच्या खनिजाचा. इल्मेनाइट स्वतः चुंबकीयदृष्ट्या दुबळे असते. आम्हाला संकेत मिळतो तो त्याच्यासोबत साठलेल्या मॅग्नेटाइटचा, म्हणजे तीव्र चुंबकीय अशा लोहखनिजाचा.

चुंबकमापक ड्रोनखाली दोरीने लांब टांगावा लागतो, नाहीतर मोटारींच्या विद्युतप्रवाहाचे क्षेत्रच मोजले जाते. (मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचे चुंबकीय वेध 1904 मध्ये अलिबागला हलवावे लागले होते, अडचण जुनीच आहे.) आपल्याकडे पृथ्वीचे क्षेत्र सुमारे 43 हजार नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) असते आणि दिवसभरात ते काही डझन नॅनोटेस्लांनी आपोआप बदलते, म्हणून किनाऱ्यावर एक चुंबकमापक स्थिर ठेवून तो बदल नोंदींतून वजा केला जातो.

त्या दिवशीच्या नकाशावर किनाऱ्याला समांतर असा ठळक लाल, म्हणजे तीव्र क्षेत्राचा पट्टा उमटला. सिन्नरचा आमचा सहकारी तिकडून फोनवर उत्साहाने म्हणाला, "सर, वाळू सापडली!" मला मात्र तो पट्टा फारच सरळ वाटला. समुद्र वाळू अशी पट्टीने आखून ठेवत नाही. धुळे-नंदुरबारकडे शेतांतून भिंतीसारखे उभे असलेले डाइक, म्हणजे भेगांत थिजलेल्या लाव्हाचे खडक, आम्ही अनेकदा पाहिले आहेत, आणि कोकणातही बेसाल्टच आहे. "उद्या त्याच रेषा दुप्पट उंचीवरून उडवा," असे मी सांगितले.

यामागचा हिशेब सोपा आहे. वाळूचा अरुंद, उथळ पट्टा असेल तर उंची दुप्पट केल्यावर चुंबकीय विसंगती (आसपासच्या क्षेत्राहून पडणारा फरक) साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. खोलवर गेलेल्या पातळ डाइकची मात्र निम्म्यावरच थांबते. दुसऱ्या उड्डाणाच्या नोंदी आल्या तेव्हा लाल पट्टा जवळजवळ निम्मा झाला होता. उलट कांदळवनामागची, आदल्या दिवशी कोणी लक्षही न दिलेली फिकट खूण चौथ्या हिश्श्याच्याही खाली गेली होती. पट्टा फार रुंद आणि पातळ असेल तर त्याच्या मध्यभागी विसंगती नाहीशी होऊन फक्त कडा दिसतात, त्यामुळे फिकटपणावरून साठ्याचा अंदाज बांधणे मला तरी पटत नाही.

हाताच्या गिरमिटाने नमुने त्या फिकट जागेतूनच घ्यावेत, असा अहवाल आम्ही पाठवला. नकाशावरील सर्वांत लाल भाग का सोडला, असे कामाच्या मालकांनी विचारले, तेव्हा दोन्ही उंचींचे आलेख एकाखाली एक ठेवून उत्तर दिले.