जाऊ दे की आउट बे

आधीच सांगून टाकतो, त्या दिवशी टेनिसच्या मॅचला अंपायर म्हणून मी रूलबुकच्या बाहेर काहीच केलं नाही, रेफरीनंही माझाच निर्णय कायम ठेवला, कुठं तक्रार नाही की काही नाही. तरी महिना होऊन गेला आणि तो एक ओरडा मला अजून ऐकू येऊन राहिला आहे, म्हणून म्हटलं एकदा सगळं टाइप करून पाहू.

मी नागपूरचाच. रामनगरच्या कोर्टांवर रॅकेट धरायला शिकलो, खेळाडू म्हणून काही दिवे लावले नाहीत, मग लाइन अंपायर झालो आणि मग हळूहळू खुर्चीत बसायला लागलो, म्हणजे चेअर अंपायर झालो. व्हाइट बॅज आहे, म्हणजे ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड अशी सगळी उतरंड अजून डोक्यावर आहे. पोट नोकरीवर चालतं, अंपायरिंग रजा टाकून. बायको म्हणते लोक रजा टाकून महाबळेश्वरला जातात आणि तुम्ही उन्हात शिव्या खायला जाता. चूक नाही तिचं.

तर फेब्रुवारीत आपल्याकडे प्रोफेशनल टुर्नामेंट होती, पुरुषांची, सगळ्यात खालच्या पायरीची, एकूण बक्षीस १५ हजार डॉलरवाली, आणि तीही लाल मातीवर. १५ हजार डॉलर ऐकून लोक डोळे मोठे करतात, पण ते सगळ्यांत वाटायचे असतात आणि डबल्सवाल्यांच्या वाट्याला त्यातला छोटा तुकडा, तोही दोघांत अर्धा अर्धा. पोरं हॉटेलात तिघं-तिघं एका खोलीत राहतात आणि रॅकेटची गटिंग, म्हणजे तारा ओवणं, स्वतः करतात.

डबल्सला प्रेक्षकही वेगळेच. सिंगल्स संपली की मुलींचे घोळके आणि फोटोवाले गायब, उरतात क्लबचे काका लोक. हे रोज सकाळी सहा वाजता आपसात डबल्स खेळतात, वर तर्री पोहे हाणतात, आणि पेस-भूपतीनं १९९९ ला पॅरिसच्या मातीवर फ्रेंच ओपन काढली तेव्हापासून डबल्समधलं आपल्याला सगळं कळतं असं त्यांना वाटतं. अर्धं कळतंही, नाही असं नाही. पण खुर्चीच्या अगदी मागं बसून प्रत्येक कॉलला "अरे रे रे" करायची काय गरज आहे?

नियम थोडक्यात. ४०-४० झालं की एकच पॉइंट, कोणत्या बाजूनं घ्यायचा ते रिसीव्ह करणारे ठरवतात. एकेक सेट झाला तर तिसरा सेट नाहीच, त्याऐवजी १० पॉइंटचा टायब्रेक, दोनच्या फरकानं. म्हणजे दीड तास घाम गाळायचा आणि शेवटी पाणीपुरी खाऊन होईल एवढ्या वेळात फैसला. पहिला पॉइंट एकाची सर्व्हिस, मग दोन-दोन, आणि दर सहा पॉइंटनंतर बाजू बदलायची. हे सहाचं लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता माती. मातीवर उमटलेला बॉलचा मार्क वाचणं ही माझी एकुलती एक मस्ती आहे, त्यात मी कोणाला ऐकत नाही. जोरात मारलेला सपाट बॉल लांबट मार्क सोडतो, चिंचोक्यासारखा. लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच टोलवलेला बॉल, पडला की मार्क गोल, पाणीपुरीच्या पुरीएवढा. टॉपस्पिन, म्हणजे बॉलला पुढं फिरवणारी फिरकी, असला की एका कडेला मातीची बारीक उंचवटी येते, बोटाला लागेल इतपत. रेघा म्हणजे खिळ्यांनी ठोकलेली टेप असते, मातीच्या केसभर वर आलेली, तिच्यावर मार्क धड उमटत नाही. त्यामुळे नवखा माणूस रेघेच्या बाहेरचा मार्क पाहून सरळ आउट देऊन मोकळा होतो. पाहायचं असतं की मार्क पूर्ण आहे की तुटका. रेघेला चिकटून चंद्रकोर दिसली तर तिचा उरलेला तुकडा टेपवर आहे, बॉल आत. पूर्ण गोल आणि मध्ये मातीची फट, तर बाहेर. खुर्चीवरून खाली उतरताना नजर मार्कवरून हलवायची नाही, शिडीच्या पायऱ्या पायानं चाचपत उतरायचं, नाहीतर शेजारीच दहा मिनिटांपूर्वीचा जुना मार्क असतो आणि तोच वाचून तुम्ही मोकळे होता. समोरच्या टीमचा माणूस मार्क पाहायला नेट ओलांडून आला तर त्याला कोड व्हायोलेशन, म्हणजे गैरवर्तनाचा ठपका. स्वतःच्या बाजूचा मार्क स्वतः पुसला तर कॉल मान्य केला असं धरतात. एटीपी म्हणजे पुरुषांची वरची टूर, तिथल्या मोठ्या टुर्नामेंटमध्ये २०२५ पासून मातीवरही कॅमेरेच कॉल देतात, फ्रेंच ओपनवाल्यांनी त्या वर्षीही लाइन अंपायर ठेवले होते. आमच्याकडे कॅमेरा म्हणजे एका पालकाचा मोबाइल, आणि ऐन वेळी तो क्लबच्या ऑफिसात चार्जिंगला लावलेला.

डबल्समध्ये अपीलची आणखी एक भानगड आहे. एका टीमचे दोघं, त्यातल्या एकानं मार्क पाहा म्हणून हात वर केला आणि दुसरा बॉल मारून राहिला, तर ते अपील नाहीच. खेळ थांबला पाहिजे, किंवा मी थांबवला पाहिजे. आणि त्या गोंधळात समोरच्याला अडथळा झाला असं मला वाटलं तर पॉइंट समोरच्याला देता येतो. एक बोट वर आणि एक रॅकेट चालू, ही डबल्सच्या अंपायरची कायमची डोकेदुखी.

मॅच क्वार्टर फायनलची. एका बाजूला दोघं परदेशी, एक ताडमाड उंच आणि एक उलटी टोपी. दुसऱ्या बाजूला आपली पोरं, एक नागपूरचा आणि त्याचा पार्टनर पुण्याचा. मॅच साडेतीनला होती ती पाचला सुरू झाली, कारण कोर्टवर पाणी मारायचा पाइप कोणीतरी शेजारच्या हिरवळीवर नेऊन ठेवला होता आणि तो नेला कोणी यावर अर्धा तास चर्चा झाली. त्यात पलीकडच्या लॉनमध्ये लग्न. टायब्रेक सुरू झाला तसा बँडही सुरू झाला. लाइन अंपायर मोजकेच, माझ्या डाव्या हाताची बेसलाइन, म्हणजे कोर्टची मागची रेघ, माझ्याच खात्यात.

टायब्रेकमध्ये ९-८, परदेशी जोडी पुढं, मॅच पॉइंट. सर्व्हिस पुण्याच्या पोराची, नागपूरचा नेटवर. टोपीवाल्यानं रिटर्न थेट त्याच्या डोक्यावरून लॉब केला, टॉपस्पिनवाला, देखणा शॉट. पुणेकर आडवा पळाला. माझी नजर बेसलाइनवर, कारण ती माझी होती. बॉल रेघेपाशी पडला, मला आत वाटला, आउट म्हणण्याइतकी खात्री तर नव्हतीच, म्हणून मी गप्प. आणि टप्पा पडतानाच, अगदी त्याच क्षणी, नेटवरून नागपूरचा ओरडला. पुणेकरानं कसाबसा बॉल उचलला, बॉल लोंबकळत वर गेला, उंच्याच्या डोक्यावर. लहान पोरानंही स्मॅश मारला असता. उंच्यानं मारलाच नाही. रॅकेट खाली केली, बोट वर केलं आणि माझ्याकडं पाहिलं. बॉल त्याच्या मागं पडला, दुसरा टप्पा झाला, बँडवाल्यानं काहीतरी जोरात वाजवलं. तोवर नागपूरच्याचाही हात वर आला होता, पण तो उशिरा, त्याचा प्रश्न नव्हता.

प्रश्न ओरडण्याचा होता. उंचा म्हणे तो "आउट" ओरडला म्हणून मी थांबलो. मी ऐकलं होतं "जाऊ दे".

जरा मोठ्यानं म्हणून पाहा. जाऊ दे. घाईत, दम लागलेला असताना, शेवटचं अक्षर गिळून. मराठी न येणाऱ्याला काय ऐकू येईल?

आता फरक बघा. बॉल आपल्या बाजूला येत असताना पार्टनरला "सोड", "जाऊ दे", "माझा" म्हणणं एकदम कायदेशीर, सगळे म्हणतात. तेव्हा उंचा स्वतःच्या चुकीनं थांबला, पॉइंट आपल्या पोरांना, ९-९. पण टप्पा पडल्यावर "आउट" म्हणून ओरडायचं आणि पार्टनरनं तरी खेळत राहायचं, तर तो समोरच्याला अडथळा. मुद्दाम धरला तर पॉइंट त्यांचा आणि मॅच खलास, नकळत धरला तर पॉइंट पुन्हा. सगळं एका शब्दावर, आणि त्या कोर्टवर मराठी समजणारा आणि निर्णयही देणारा असा मी एकटाच.

मी म्हटलं, नाइन ऑल.

नऊ आणि नऊ अठरा, म्हणजे बाजू बदलायची वेळ, त्यामुळे चौघंही माझ्या खुर्चीपाशीच आले. उंच्यानं विचारलं तो काय म्हणाला. मी इंग्रजीत म्हटलं, आउट नाही म्हणाला, आमच्या भाषेत पार्टनरला सोडून दे म्हणाला. "अवर लँग्वेज" असंच म्हणालो मी. तो एक सेकंद पाहत राहिला आणि फक्त एवढंच बोलला, "अवर?"

मग रेफरीला बोलावलं. आमचे रेफरी रूलबुक पाठ असलेला माणूस, उन्हात पाच मिनिटं उभं राहायला मात्र जिवावर येतं, म्हणून ऊन उतरल्यावरच आनंदानं आले. त्यांनी विचारलं तू काय ऐकलंस, मी सांगितलं, ते म्हणाले काय झालं हा फॅक्टचा प्रश्न, त्यात चेअरचा शब्द अखेरचा, खेळा. दोन मिनिटांत विषय संपला. उंचा नव्या बाजूला गेला, लॉबचा मार्क आता त्याच्याच बेसलाइनवर होता. त्यानं शोधला, वाकून पाहिला, माझ्याकडं पाहिलं, आणि बुटानं घासून टाकला. त्याला आत दिसला की बाहेर, देव जाणे. मी खाली उतरलो नाही, उतरायचं कारणच नव्हतं, अपील वैध नव्हतं. पण सगळ्या आठवड्यात वाचायची इच्छा झालेला तो एकच मार्क आणि तोच मला वाचता आला नाही.

पुढचे दोन पॉइंट सरळ गेले, ११-९. हात मिळवताना उलट्या टोपीनं मिळवला, उंच्यानं नाही. नागपूरच्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि म्हणाला, "थँक यू हां सर." आता अंपायरला सगळेच थँक यू म्हणतात, ते तोंडदेखलं असतं, नजर बॅगेकडं असते. ह्यानं डोळ्यात पाहून म्हटलं. त्याला तेव्हाच विचारायला हवं होतं का? पण काय विचारणार, आणि मॅच जिंकलेला पोरगा काय सांगणार? काका लोक मागून म्हणत होते, "एकदम सही निर्णय साहेब, आपला पोरगा वाचला." ते ऐकून तर पोटात कसंतरीच झालं.

स्कोअरकार्ड जमा करून पाणी प्यायला गेलो तर तिथं नेटच्या खांबापाशी बसणारा बॉलबॉय, आठवीतला असेल, सांबारवडी खाऊन राहिला होता. तो पॉइंट झाला तेव्हा नागपूरच्यापासून पाच-सहा फुटांवर होता तो. मी काही विचारलं नव्हतं, तोच म्हणाला, "सर, तो भैया आउट बे म्हणला न?"

मी म्हटलं, "जाऊ दे म्हणला ना रे?"

पोरानं वडी चावत विचार केला. "हो का? मले तर आउट बे ऐकू आलं. बँड पण लय वाजून राहिला होता न सर."

आउट बे. जाऊ दे. दोन्ही तेवढेच लांब, दोन्हीत तोच आऊ, शेवटी दोन्हीकडं एकच एकार. आणि नागपूरचा पोरगा घाबरून ओरडला तर त्याच्या तोंडून बे निघणार नाही तर काय निघणार, माझ्याही निघतो. उंचा बिनडोक नव्हता. मॅच पॉइंटला असा स्मॅश उगाच कोण सोडतं?

नजर माझी बेसलाइनवर होती, त्याचे ओठ मी पाहिलेच नाहीत, नुसत्या कानावर निर्णय दिला. बेसलाइन पाहणंच माझं काम होतं, हे खरं आहे. पण खुर्चीत कोणी केरळचा, बंगालचा अंपायर असता तर त्यानं "जाऊ दे" ऐकलंच नसतं, त्याच्या कानात तो शब्दच नाही. त्यानं आउट ऐकलं असतं नाहीतर नुसता आवाज, आणि बहुतेक पॉइंट पुन्हा घ्यायला लावला असता. मराठी येतं म्हणून मला बरोबर ऐकू आलं, की मराठी येतं म्हणून मला पाहिजे ते ऐकू आलं?

मागच्या रविवारी शेवटी माझ्या पोराला खाली पार्किंगमध्ये उभं केलं, कोर्टवर होतं तेवढं अंतर पावलांनी मोजून. मी जिन्यावर बसलो, तोंड भिंतीकडं, मोबाइलवर बँडचा व्हिडिओ लावला. त्याला म्हटलं धावत ये आणि दोन्हीपैकी काहीही एक ओरड, कागदावर टिपत जा, दहा वेळा. पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत येऊन म्हणाल्या, "काय होऊन राहिलं हे?" काय सांगणार त्यांना.

दहापैकी सहा बरोबर आले. चुकलेल्या चारपैकी तीन वेळा तो आउट बे ओरडला होता आणि मी जाऊ दे ऐकलं होतं. पोरगा घामाघूम झाला होता, कागद माझ्या हातात देऊन म्हणाला, "बाबा, अजून दहा घ्यायचे का?"