हापशाचा सिलिंडर आणि उद्यमबागेचं होनिंग मशीन

बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडर बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मालकांना खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेला नवा हातपंप द्यायचा होता, देणगीदाराच्या पाटीसकट. पण शाळेचं बोरिंग बंद नव्हतंच. सकाळी पहिले पन्नास-साठ हापसे कोरडे जायचे आणि नंतर करंगळीएवढी धार यायची. रात्रभर उभ्या पंपाला पाणी चढायला वेळ लागला, तर फूट व्हॉल्व्ह (तळाशी पाणी धरून ठेवणारी झडप) किंवा पाइपाचा जोड गळतोय. धारच बारीक असेल, तर बोअरमध्ये खाली पाणी ढकलणाऱ्या सिलिंडरमधले वॉशर झिजलेत. इथे दोन्ही लक्षणं होती. आमच्या संस्थेच्या वतीनं मालकांना कळवलं: नवा पंप नको, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी तुमचे मेस्त्री आणि मशीन द्या.

पंप ग्रामपंचायतीचा, त्यामुळे पीडीओंची (पंचायत विकास अधिकाऱ्यांची) लेखी परवानगी आधी घेतली, अर्ज कन्नडमध्ये. ती नसेल तर पान्हा लावू नये. पुढे काही मोडलं तर जबाबदारी कुणाची, हा वाद मिटत नाही.

पंप इंडिया मार्क-2. हेडचं झाकण काढून साखळी सोडवली, हँडल आणि हेड उतरवलं, मग क्लॅम्प लावून 32 मिमीचे, 3 मीटर लांबीचे जीआय पाइप एकेक वर घेतले. असे अकरा. आत 12 मिमीच्या सळ्या. पाइपाची नुसती ओळच शंभर किलोच्या आसपास भरते, शिवाय आतलं पाणी. म्हणून क्लॅम्पवर एक माणूस कायम हवा. ओळ सुटून बोअरमध्ये गेली की दुरुस्तीचं काम संपून मासेमारी सुरू होते, म्हणजे पडलेले पाइप गळ टाकून बाहेर काढणं.

सिलिंडर उघडला. वॉशर गेले होते, ते अपेक्षितच होतं. मेस्त्रींनी मात्र 63.5 मिमीच्या पितळी अस्तरात बोट फिरवलं आणि म्हणाले, “सर, हे वाळूचे ओरखडे हाईत बघा. नवं वॉशर घातलासा तरी महिन्यात जातंय.” हातपंप दुरुस्त करणारे एरवी वॉशर बदलून पुढच्या गावाला जातात. हायड्रॉलिकच्या माणसाला सिलिंडरच्या आतल्या भिंतीकडे बघायची सवय असते. दुपारी सिलिंडर गाडीत घालून उद्यमबागेत नेला. ओरखडे उथळ होते, त्यामुळे हलकं होनिंग, म्हणजे आतली भिंत दगडानं घासून गुळगुळीत करणं, पुरलं. अस्तर पातळ असतं; खोल ओरखडा असेल तर घासत बसू नये, अस्तरच बदलावं. आतला व्यास मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांनी वाढला तरी नायट्राइल रबराचा कप वॉशर पसरून तो भाग भरून काढतो.

एका गोष्टीवर तिथे अडवावं लागलं. तयार मालाला गंजरोधक तेल फासायचा कारखान्याचा शिरस्ता आहे, पण हे पिण्याचं पाणी. होनिंगचा बारीक चुरा आणि तेल गरम पाण्यानं, साबणानं दोनदा धुऊन काढलं.

तरी वाळू आली कुठून? याचं उत्तर कारखान्याकडे नव्हतं. दोरीला वजन बांधून बोअर मोजला, तर गाळ साचून तळ सिलिंडरच्या खाली जेमतेम मीटरभर उरला होता. संस्थेच्या वहीत उन्हाळ्यातली पाणीपातळी 24 मीटरवर नोंदलेली होती. म्हणून एक पाइप कमी करून सिलिंडर 33 वरून 30 मीटरवर घेतला. मे महिन्यातही तो 6 मीटर पाण्यात राहील. ती वही नसती तर एवढं सुबक होनिंग पुन्हा वाळूत गेलं असतं.

शेवटी निर्जंतुकीकरण. 150 मिमीच्या बोअरमध्ये त्या वेळी 20 मीटर पाणी होतं, म्हणजे साधारण 350 लिटर. त्याला 30 टक्के क्लोरीनची ताजी ब्लीचिंग पावडर 60 ग्रॅम, आधी बादलीत कालवून. रात्रभर ठेवून सकाळी वास जाईपर्यंत उपसा.

या पंपाची वंशावळही अशाच सोयरिकीतली. मार्क-2 चा पूर्वज सोलापूर पंप. 1970 च्या दशकात युनिसेफ आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांच्यासारख्यांनी मिळून त्यातून हा आराखडा घडवला.

हिशेबाचं म्हणाल तर, 500 कोटी नक्त मालमत्ता, 1000 कोटी उलाढाल किंवा 5 कोटी नफा यांपैकी काहीही असेल, तरच कंपनीवर सीएसआरचं, म्हणजे नफ्यातला काही भाग सामाजिक कामावर खर्च करण्याचं, बंधन येतं. उद्यमबागेतले बरेच कारखाने त्यात बसत नाहीत. मग उरते देणगीवर प्राप्तिकराची सवलत देणारी, 80-जी म्हणून ओळखली जाणारी पावती. पण ती वस्तूंच्या किंवा मेस्त्रींच्या वेळेच्या बदल्यात फाडता येत नाही, आणि रोख 2000 रुपयांच्या वर गेली तर सवलत जाते. म्हणून मालकांनी बँकेतून पैसे दिले, संस्थेनं आयएसआय शिक्क्याचे वॉशर, साखळी, बेअरिंग बाजारातून घेतलं, आणि होनिंग कारखान्यानं स्वतःच्या खर्चात केलं.

पाटी लागली नाही. त्याऐवजी दोन पानी करार झाला: दरवर्षी फेब्रुवारीत कारखान्याचे मेस्त्री एकदा येणार, पाणीपातळी शाळा दर महिन्याला मोजणार, वॉशरचे दोन जोड आणि 6204 क्रमांकाची दोन बेअरिंगं मुख्याध्यापकांच्या कपाटात. हँडल खडखडायला लागलं की फोन संस्थेला करायचा, थेट कारखान्याला नाही. नाहीतर ऑर्डरच्या घाईत तो तिथेच राहतो.