श्रावणात मी तीन दिवस मासे प्यायले

सोमवारी सकाळी सासूबाई साबुदाण्याचा डबा शोधत होत्या आणि हाताला लागला माझा डबा. पांढराशुभ्र, वर सोनेरी अक्षरं, बाईच्या गालाचा फोटो. त्यांनी चष्मा नीट केला, डबा खिडकीपाशी नेला, गोल गोल फिरवला आणि मला हाक मारली, "अगं, हा तपकिरी त्रिकोण कसला गं?"

बारकोडच्या वर एवढुसा चौकोन आणि त्यात तो त्रिकोण. मांसाहारी. (आधी तो गोल असायचा, आता त्रिकोण केलाय, शाकाहारीचा हिरवा ठिपका मात्र गोलच आहे.) आणि खाली घटकांमध्ये पहिलाच शब्द, हायड्रोलाइज्ड मरीन कोलॅजेन. कोलॅजेन म्हणजे त्वचा ताठ ठेवणारं प्रोटीन, आणि मरीन म्हणजे माशाची कातडी आणि खवलं. आता मला हे माहीत नव्हतं असं नाही हां, मी तर डबा घ्यायच्या आधी पंधरा दिवस वाचत होते, पण डोक्यात ते सगळं औषधाच्या कप्प्यात पडलेलं, मासळीच्या कप्प्यात नाहीच. श्रावण लागला शुक्रवारी. म्हणजे जिवतीच्या पूजेच्या दिवशी सकाळी अनशापोटी एक स्कूप कोमट पाण्यातून, मग वरून पुरणपोळी. शनिवारी एक स्कूप. रविवारी एक स्कूप.

आमचं ठाण्यातलं सीकेपी घर, म्हणजे एरवी मासळीशिवाय रविवार नाही आणि गटारीला तर विचारूच नका, पण श्रावण म्हणजे श्रावण. सासूबाई काही बोलल्या नाहीत. डबा एका पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि बाल्कनीत वॉशिंग मशीनवर नेऊन ठेवला. ही त्यांची बोलायची पद्धत.

तर हे सगळं सुरू झालं पार्लरमध्ये. राम मारुती रोडच्या गल्लीत मी गेली कित्येक वर्षं आयब्रोला जाते, तिथे नवीन आलेली मुलगी दोरा तोंडात धरूनच म्हणाली, "मॅडम, तुमचं कोलॅजेन गेलंय." जसं काही लाइट गेलीये. मी ४७ वर्षांची आहे, पाळी सहा-सहा महिने गायब असते, कोलॅजेन जाणारच ना. पण बोलली ते लागलं. घरी येऊन बघते तर खरंच, डोळ्यांच्या कडेला हसल्यावर ज्या रेघा पडायच्या त्या आता हसायचं थांबवलं तरी तिथेच बसून.

मग वाचायला घेतलं. आपल्या अंगातल्या प्रोटीनपैकी साधारण ३० टक्के हेच असतं, त्वचा, हाडं, स्नायूबंध सगळीकडे. पंचविशी उलटली की दरवर्षी थोडं थोडं कमी होत जातं, आणि पाळी गेल्यावर पहिल्या पाचेक वर्षांतच त्वचेतलं जवळपास ३० टक्के जातं असं जुन्या अभ्यासांमध्ये मोजलेलं आहे. हे वाचून मी रात्री साडेअकराला कार्टमध्ये एकदम तीन डबे टाकले. सकाळी काढले. नवऱ्याला वाटलं मी सुधारले, पण मी फक्त हिशोब करायला बसले होते.

हिशोबाची गोष्ट सांगते कारण माझे खरे पैसे तिथेच वाचले. कंपन्यांची नावं घेत नाही. तीन प्रकार समोर होते, पावडर, गोळ्या आणि ती रंगीत गमी. डब्यावर किती ग्रॅम लिहिलंय ते बघायचंच नाही, मागे छोट्या अक्षरात एका सर्व्हिंगमध्ये कोलॅजेन किती ते बघायचं, कारण बाकीचं सगळं फ्लेवर, स्वीटनर आणि हवा. मी बघितलेली पावडर २५० ग्रॅमची, १० ग्रॅमच्या स्कूपमध्ये कोलॅजेन ८ ग्रॅम, किंमत १६०० रुपये, म्हणजे ग्रॅमला ८ रुपये पडले. गोळ्यांची बाटली ९०० ची, १ ग्रॅमच्या ६० गोळ्या, ग्रॅमला १५, पण अभ्यासांमध्ये रोज साधारण अडीच ते १० ग्रॅम देतात, म्हणजे पाच ग्रॅमसाठी रोज पाच गोळ्या गिळा आणि बाटली बाराव्या दिवशी संपवा. आणि गमी! ६०० रुपयांच्या ३० गमी, दोन गमींमध्ये कोलॅजेन १०० मिलीग्रॅम. अख्ख्या पाकिटात दीड ग्रॅम. ग्रॅमला ४०० रुपये. तेव्हा चांदी याहून स्वस्त होती.

मग लक्षात आलं की टाइपचाही घोळ आहे. त्वचेत मुख्यतः टाइप १ आणि टाइप ३. टाइप २ हे कूर्चेतलं, सांध्यांसाठी विकतात. गोखले रोडवरच्या मेडिकलवाल्या दादांना विचारलं तर त्यांनी आधी तेच काढून दिलं, गुडघ्याचं. मी म्हटलं अहो चेहऱ्यासाठी हवंय, तर ते म्हणाले, "ताई, बायका तेच नेतात, कोलॅजेन लिहिलंय ना त्यावर." हे मात्र लक्षात ठेवा, टाइप २ पुढे परत येणारे.

शाकाहारी कोलॅजेन म्हणून जे विकतात ते कोलॅजेन नसतंच. झाडात कोलॅजेन तयार होत नाही, ते प्राण्यांतच. हिरव्या ठिपक्याच्या डब्यात असतं व्हिटॅमिन सी, आवळा, काही अमिनो ॲसिड्स, आणि ते तुमच्या शरीराला कोलॅजेन बनवायला मदत करेल असा दावा. यातला व्हिटॅमिन सी चा भाग खरा आहे, त्याच्याशिवाय कोलॅजेनचा पीळ नीट बसत नाही, म्हणून तर पूर्वी महिनोन्महिने बोटीवर राहणाऱ्या खलाशांना स्कर्व्ही होऊन हिरड्यांतून रक्त यायचं. पण त्यासाठी दोन हजार कशाला, एक पेरू खा, त्यात संत्र्याच्या चौपट सी असतं.

आणि बायोटिन. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बऱ्याच डब्यांत केसांसाठी म्हणून बायोटिन घातलेलं असतं, आणि मी थायरॉइडची पेशंट. माझ्या डॉक्टरांनी डबा बघितल्या बघितल्या विचारलं, रक्त द्यायला येताना हे घेऊन आलीस का? बायोटिन जास्त असलं की काही लॅबमध्ये टीएसएच हा थायरॉइडचा आकडा खोटाच कमी दिसतो, जसं काही गोळी जास्त झालीये, मग डॉक्टर गोळी कमी करतात आणि आपण सुजून बसतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्येच याबद्दल इशारा दिलाय, हार्ट अटॅकची ट्रोपोनिन टेस्टसुद्धा चुकू शकते म्हणे. डॉक्टरांनी मला टेस्टच्या दोन-तीन दिवस आधी बंद करायला सांगितलं. ठाण्यात दर तिसऱ्या बाईला थायरॉइड आहे असं मला आमच्या बिल्डिंगवरून वाटतं, म्हणून एवढं लिहिलं.

आता मुख्य प्रश्न, पिऊन ते गालापर्यंत पोचतं का. मी हे जेवताना बोलून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, "भेजा खाऊन अक्कल आली असती तर तुझे सासरे कलेक्टर झाले असते." मुद्दा बरोबर आहे. पोटात गेलं की कोलॅजेनही बाकी प्रोटीनसारखंच तुटतं. अख्खं कोलॅजेन प्रचंड मोठं असतं, ३ लाख डाल्टनच्या आसपास (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप), म्हणून पावडरमध्ये ते आधीच बारीक तोडलेलं असतं, दोन ते पाच हजार डाल्टन वगैरे, तेच ते हायड्रोलाइज्ड किंवा पेप्टाइड्स. त्यातले काही बारके तुकडे तसेच रक्तात सापडतात हे जपानमध्ये दाखवलेलं आहे. ते तुकडे त्वचेतल्या पेशींना काहीतरी बिघडलंय, कामाला लागा असा निरोप देतात, असा अंदाज आहे. अंदाज.

२०२१ मध्ये १९ अभ्यास एकत्र करून बघितले, हजाराच्या वर लोक, आणि त्यात ओलावा, लवचिकता, सुरकुत्या सगळ्यांत फरक दिसला. हे वाचून मी खूश, डबा लगेच मागवला. मग वाचनात आला २०२५ चा असाच एक मोठा आढावा, २३ अभ्यासांचा. त्यात एकत्र बघितलं तर फरक दिसतो, पण कंपन्यांच्या पैशाने झालेले अभ्यास बाजूला काढले की फरक गायब. चांगल्या दर्जाचे अभ्यास वेगळे काढले तरी गायब. हे मला डबा निम्मा संपल्यावर कळलं. म्हणजे लग्न ठरल्यावर मुलाची माहिती काढायची, तसं.

तरी पैसे दिलेत तर पिऊ म्हटलं, आणि जूनच्या पहिल्या रविवारपासून दर रविवारी सकाळी आठ वाजता हॉलच्या खिडकीत तोंड न धुता फोटो काढायचा असा नियम केला. आठ फोटो झाले. सातव्या आणि आठव्या फोटोत चेहरा खरंच जरा भरलेला, ओलसर वाटतो. पण जून ते जुलै, ठाणे, पाऊस, घरात वाळत घातलेले कपडे चार दिवस वाळत नाहीत, पापड मऊ पडलेत, तिथे माझा चेहरा कशाने ओलसर झालाय हे कोण सांगणार? प्रयोग करायचा होता तर जानेवारीत करायचा. शिवाय डब्याच्या नादात मी पाणी पण जास्त प्यायला लागले होते, आणि अकराच्या आत झोपत होते.

त्या फोटोंमध्ये मला भलतंच काहीतरी दिसलं. उजवी बाजू आणि डावी बाजू सारखी नाही. डाव्या डोळ्याच्या कडेला पाच रेघा, उजवीकडे तीन. मी गेली १४ वर्षं कंपनीच्या बसने घोडबंदर रोडने जाते, आणि १४ वर्षं ड्रायव्हरच्या मागची दुसरी सीट, खिडकी उजवीकडे. म्हणजे उलट व्हायला हवं होतं ना? दोन दिवस विचार केला. मग आठवलं, सकाळी पडदा ओढलेला असतो, कारण उन्हाने मोबाइल दिसत नाही. संध्याकाळी परत येताना मात्र मी पलीकडे बसते, मैत्रिणीशेजारी, खिडकी डावीकडे, पडदा उघडा, कारण गप्पा. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी काचेतून यूव्हीबी अडतं, यूव्हीए बऱ्यापैकी आत येतं, आणि कोलॅजेन तोडायला यूव्हीएच पुरतं. २०१२ मध्ये एका अमेरिकन ट्रक ड्रायव्हरचा फोटो मेडिकल जर्नलमध्ये छापून आला होता, २८ वर्षं ट्रक चालवला, खिडकीकडचा डावा गाल म्हाताऱ्याचा आणि उजवा त्याच्या मुलाचा वाटावा असा. माझं एवढं नाही, पण दोन रेघा जास्तच आहेत, मोजल्यात.

आणि सनस्क्रीनवर मात्र कंपनी-बिंपनी न बघता विश्वास ठेवावा असा अभ्यास आहे, ऑस्ट्रेलियातला, २०१३ चा, ९०० लोक, साडेचार वर्षं, रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचं म्हातारपण २४ टक्के कमी. तर आता संध्याकाळी चारला ऑफिसच्या वॉशरूममध्ये परत लावते. मैत्रीण म्हणते कुणाला भेटायचंय का. सासूबाई ७६ च्या, आयुष्यात क्रीम म्हणून खोबरेल, पण उन्हात निघाल्या की पदर डोक्यावरून कपाळापर्यंत. त्यांच्या कपाळावर आठ्या आहेत, त्या माझ्यामुळे. उन्हाच्या नाहीत.

टाइप २ ची गोष्ट राहिली. त्या सोमवारी, डबा बाल्कनीत गेल्यावर, मी जरा फणकाऱ्यात त्यांच्या औषधांचा डबा आवरायला घेतला. गुडघ्यासाठी ऑर्थोपेडिकने दिलेल्या गोळ्यांची स्ट्रिप, रात्री जेवल्यावर एक. उलटी केली. अनडिनेचर्ड (म्हणजे मूळ रूपातलं) टाइप २ कोलॅजेन, ४० मिलीग्रॅम. मी पंधरा दिवस वाचलंय त्यामुळे मला माहीत आहे हे कशापासून काढतात. कोंबडीच्या छातीच्या कूर्चेपासून. तीन वर्षं, तीन श्रावण, अधिक महिना झाला तो वेगळाच. मी स्ट्रिप होती तशी ठेवली आणि डबा बंद केला. गुडघे दुखायचे कमी झालेत त्यांचे, निदान तसं म्हणतात तरी. तुम्हीपण बोलू नका कुठे.

गौरी-गणपती झाले, विसर्जन झालं, पुढच्या रविवारी चेंदणीच्या मावशींकडून सुरमई आली. सासूबाईंनी स्वतः तळली, रवा लावून, कडा कुरकुरीत. मी सवयीने कातडी काढून ताटाच्या कडेला ठेवली. त्यांनी ती परत माझ्या भाताजवळ सरकवली. "खा. दोन हजाराची आहे ती."

मग उठल्या, हात धुतला, औषधांचा डबा घेतला आणि गुडघ्याची गोळी तोंडात टाकून वर घोटभर पाणी प्यायल्या. मी सुरमईची कातडी चावत बसले.