लोणारच्या चिखलातून डिटर्जंटचं एन्झाइम: माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट

मायक्रोबायोलॉजीच्या एमएस्सीला मी अल्कलाइन प्रोटिएज घेतलं होतं, म्हणजे प्रोटीन फोडणारं, रक्ताचे, अंड्याचे डाग निघावेत म्हणून कपड्याच्या पावडरीत घालतात ते एन्झाइम. आता जे हा विषय घेतायत त्यांच्यासाठी लिहितेय.

पावडर पाण्यात टाकली की पीएच 9-10 ला जातो, तिथे बरीच प्रोटिएज टिकत नाहीत, म्हणून मॅडमनी लोणार सुचवलं. त्या सरोवराचं पाणीच खारं आणि पीएच 10 च्या आसपास, तिथले बॅक्टेरिया त्याला सरावलेलेच असतात. ते अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी लागते, कॉलेजतर्फे अर्ज लवकर टाका.

काठावरचा चिखल पातळ करून स्किम मिल्क अगारवर, म्हणजे बॅक्टेरिया वाढवायच्या दुधाच्या जेलीवर पसरला. दूध, सोडियम कार्बोनेट आणि बाकीचं मीडियम वेगवेगळं ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेत निर्जंतुक) करायचं आणि ओतायच्या आधी एकत्र करायचं, नाहीतर दूध तपकिरी होतं आणि क्षार खाली बसतात. काही कॉलन्यांभोवती आरपार दिसणारं वर्तुळ आलं, तिथलं केसीन (दुधातलं प्रोटीन) एन्झाइमने फोडलेलं असतं. सगळ्यात मोठं वर्तुळवाली उचलली, ग्राम पॉझिटिव्ह (ग्रामच्या रंगचाचणीत जांभळी), स्पोर म्हणजे टणक बीजाणू करणारी, बॅसिलसच निघाला.

मग फ्लास्कमध्ये वाढवणं, आणि मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. एका सेटमध्ये ग्लुकोज जास्त, दुसऱ्यात कमी आणि सोबत सोयाबीन पेंड. जास्त ग्लुकोजवाल्यात वाढ जोरात झाली पण एन्झाइम नावापुरतं, आणि कमीवाल्यात भरपूर! कारण आयती साखर मिळत असेल तर बॅसिलस प्रोटिएज बनवायच्या भानगडीत पडतच नाही, ती संपत आली, वाढ मंदावली की मग आजूबाजूचं प्रोटीन फोडून खायला तो ते बाहेर सोडतो. म्हणजे त्याला पोसायचंही आणि वेळेवर उपाशीही ठेवायचं, सगळी कला त्यात आहे.

मग 5 लिटरचा फर्मेंटर (हवा सोडून, ढवळत बॅक्टेरिया वाढवायचं भांडं), त्यात 3 लिटर मीडियम. पूर्ण भरू नका कारण पेंडीचं प्रोटीन आणि खालून हवा, फेस इतका येतो की एक्झॉस्ट फिल्टर ओला होऊन चोक होतो. अँटीफोम (फेस मारणारं औषध) थेंबाथेंबाने टाका, जास्त झालं तर ऑक्सिजन नीट विरघळत नाही आणि या बॅक्टेरियाला ऑक्सिजन प्रचंड लागतो. डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) पडायला लागला की आधी आरपीएम (ढवळायचा वेग) वाढवायचे. सुरुवातीला ॲसिड तयार होऊन पीएच उतरतो, नंतर प्रोटीन फुटायला लागलं की अमोनियाचा वास येतो, रात्री लॅबमध्ये तो वास आला तेव्हा मला इतका आनंद झाला, कारण ओडी (गढूळपणा, म्हणजे बॅक्टेरियाची वाढ) थांबलेला आणि एन्झाइमची ॲक्टिव्हिटी मात्र प्रत्येक सँपलला चढत होती.

ॲसेसाठी, म्हणजे एन्झाइम किती काम करतं ते मोजायला, केसीन, टीसीए (क्रिया थांबवणारं ॲसिड), फोलिन (रंग देणारं रसायन), 660 नॅनोमीटरला रीडिंग आणि तुलनेला टायरोसीन या अमिनो ॲसिडचा स्टँडर्ड. ब्लँकमध्ये (तुलनेच्या नळीत) एन्झाइम टीसीए टाकल्यानंतरच घाला.

एन्झाइम पेशीबाहेर असतं त्यामुळे पेशी फोडायच्या नाहीत, सेंट्रिफ्यूज करून (जोरात फिरवून पेशी खाली बसवून) वरचं पाणी घ्यायचं, बर्फात ठेवून एन्झाइमचा साका बसवायला अमोनियम सल्फेट हळूहळू, मग तो क्षार काढायला डायलिसिस. सगळं थंडीत आणि पटापट करा, प्रोटिएज स्वतःलाच खातं, थोडं कॅल्शियम असलं की जरा टिकतं. पीएमएसएफ (सेरीन प्रोटिएज बंद पाडणारं रसायन) टाकल्यावर काम बंद पडलं, म्हणजे हे सेरीन प्रोटिएज, सेरीन या अमिनो ॲसिडच्या जोरावर काम करणारं, डिटर्जंटमधलं सबटिलिसिनही त्यातलंच. रक्ताचा डाग पाडलेले सुती तुकडे नुसत्या पाण्यात, पावडरीत आणि पावडर अधिक एन्झाइममध्ये ठेवले, तिसरा जवळजवळ पांढरा झाला.

सुकवून पावडर करणार असाल तर मास्क लावाच. 1960 च्या दशकाच्या शेवटी डिटर्जंट कारखान्यांतल्या कामगारांना याच धुळीमुळे दमा झाला होता, तेव्हापासून कंपन्या एन्झाइमचे कोटिंग केलेले दाणे वापरायला लागल्या. आम्ही म्हणूनच सुकवलं नाही, ग्लिसरॉल घालून लिक्विडच फ्रीजला ठेवलं.