तुम्ही विचारलंत म्हणून: स्वभावाला खरंच औषध नसतं का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. हा विषय शिकवणाऱ्या बाईला लोक कुठंही गाठतात. बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, कृषी केंद्राच्या ओट्यावर. आणि प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "मॅडम, स्वभावाले औषध नाही म्हंतेत. खरं हाये का हे?" विचारणारी बाई असते, आणि ती स्वतःच्या स्वभावाबद्दल विचारत नसते. नवऱ्याच्या, सासूच्या, नाहीतर अलीकडे घुम्या होत चाललेल्या पोराच्या स्वभावाबद्दल विचारत असते. चालता चालता देण्यासारखं हे उत्तर नाही, म्हणून लिहिते.

स्वभाव बदलतो. हळू बदलतो, सगळा बदलत नाही, पण बदलतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून असं दिसतं की माणसामाणसांच्या स्वभावात जो फरक असतो, त्यातला साधारण 40 ते 50 टक्के अनुवंशाशी जोडलेला आहे. म्हणजे "बापावर गेला" यात तथ्य आहे, आणि तितकंच तथ्य त्याबाहेरही उरतं. त्याच त्या माणसांचा वर्षानुवर्षं माग ठेवणारे 92 अभ्यास ब्रेंट रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली एकत्र मांडले. विशी ते चाळिशीच्या दरम्यान माणसं सरासरीनं जास्त जबाबदार आणि जास्त स्थिर मनाची होत जातात, असं त्यात दिसलं. पुढं 2017 मध्ये रॉबर्ट्स आणि दुसऱ्या काही सहकाऱ्यांनी उपचार आणि समुपदेशनाचे 207 अभ्यास तपासले. सरासरी 24 आठवड्यांच्या उपचारांनी स्वभावात मोजता येईल इतका फरक पडला होता, आणि सगळ्यात जास्त फरक पडला तो भावनिक स्थैर्यात. सारखं चिडणं, घाबरणं, जीव घाबरा होणं, हे कमी झालं. ज्याला आपण कायमचं धरून चालतो, नेमकं तेच सगळ्यात जास्त हललं.

पण माझ्यापुढं बसलेल्या बाईला हे आकडे पुरत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तिचा नवरा या 207 अभ्यासांत नव्हता. म्हणून मी तिला उलटा प्रश्न विचारते: तापट म्हणजे केव्हा तापट?

एका विद्यार्थिनीच्या आईनं याचं उत्तर दिलं ते मी विसरणार नाही. कापसाचा सीझन होता. नवरा जिनिंगवर कापूस घेऊन गेला, दिवसभर रांगेत उभा राहिला. ओल जास्त आहे म्हणून त्याचा भाव पाडला. तो काही बोलला नाही. येताना बंडीचा बैल अडला, त्याच्यावर त्यानं चाबूक उचलला नाही. वाटेत सावकाराचा मुलगा भेटला, त्याला हसून रामराम घातला. घरी आला, आणि भाजीत मीठ कमी म्हणून ताट फेकलं. हे सगळं सांगता सांगता ती मधेच थांबली आणि म्हणाली, "म्हंजे मॅडम, याले राग आवरता येते."

मी काहीच शिकवलं नव्हतं. वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञानं 1968 साली जे मांडून आपल्या विषयाला हादरा दिला, ते ती स्वतःच बोलली. माणूस एका प्रसंगात जसा वागतो तसाच दुसऱ्या प्रसंगात वागेल, हा आपला अंदाज फार कच्चा असतो, हे मिशेलनं दाखवलं. पुढं त्यानं आणि युइची शोदा यांनी मुलांच्या उन्हाळी शिबिरात तासन्‌तास निरीक्षणं केली. दोन मुलं सारखीच भांडखोर म्हणून नोंदलेली. पण एक मोठ्यांनी दटावलं की उसळायचा, दुसरा बरोबरीची मुलं जवळ आली की. प्रत्येकाची रीत ठरलेली होती, "असं झालं की मी तसा वागतो" अशी. मला स्वभावाची ही व्याख्या सगळ्यात उपयोगी वाटते. तापट हा शब्द माणसाला चिकटवला की बोलणंच संपतं. केव्हा, कोणावर, कशानंतर, हे विचारलं की पुढं काहीतरी करता येतं. आणि जो राग जिनिंगवर गप्प बसतो आणि फक्त चुलीपाशी उठतो, त्याला मी स्वभाव म्हणायला तयार नाही. कोणावर रागावलेलं खपतं, याचा तो हिशेब आहे. "स्वभावाला औषध नाही" हे वाक्य आमच्या भागात कोण कोणाला सांगतं ते पाहा. सासरहून आलेल्या लेकीला सांगतात. तिच्यासमोर ताट फेकणाऱ्याला कधी सांगत नाहीत.

सोयरीक जमवताना तरी आपण शहाणे असतो. एक कास्तकार आपल्या मुलीसाठी स्थळ पाहत होते. मी मुलाच्या गावची म्हणून माझ्याकडं चौकशीला आले. "पोरगा कसा हाये?" एवढंच विचारलं, आणि मी "चांगला आहे" म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं नाही. मग खरे प्रश्न सुरू झाले. बहिणीच्या बाळंतपणाला कोण गेलं होतं? सालदार किती वर्षांपासून टिकून आहे? धुऱ्यावरून शेजाऱ्याशी भांडण झालं तेव्हा हा बोलला की बाप बोलला? गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी गेली त्या वर्षी घरी कसा वागला? बोंडअळीचं ते 2017 साल आमच्याकडं कोणीच विसरलेलं नाही. त्या वर्षी कोण कसा वागला, हे गावात अजून लक्षात आहे.

माणूस ओळखण्याच्या या पद्धतीवर मोठं संशोधन झालेलं आहे. रिचर्ड श्वेडर आणि एडमंड बॉर्न यांनी 1984 साली ओडिशातल्या आणि अमेरिकेतल्या लोकांना आपल्या ओळखीच्या माणसांचं वर्णन करायला सांगितलं. अमेरिकन लोक जास्त करून गुण सांगायचे: ती प्रेमळ आहे, तो हट्टी आहे. ओडिशातले लोक जास्त करून प्रसंग सांगायचे: सणाला आमच्या घरी खाऊ आणून देते, पाहुण्यांसमोर मोठ्यानं बोलतो. काहींनी यावरून असा अर्थ काढला की आपल्या लोकांना अमूर्त विचार जमत नाही. श्वेडर आणि बॉर्न यांनी तो अर्थ नाकारला. माणूस नात्यांतून आणि प्रसंगांतून घडतो असं धरून चालणाऱ्या समाजात वर्णन असंच होणार, असं त्यांचं म्हणणं. मला तर वाटतं त्या बापाचे प्रश्न कुठल्याही छापील चाचणीपेक्षा चांगले होते.

छापील चाचण्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्या आता मोबाइलवर आल्या आहेत आणि आमची मुलं त्यांच्यावर विश्वास ठेवतात. इंग्रजी शब्दकोशातून माणसांचं वर्णन करणारे शब्द ऑलपोर्ट आणि ओडबर्ट यांनी 1936 साली गोळा केले, ते भरले जवळजवळ 18,000. चाळत चाळत पुढच्या संशोधकांनी त्यांचे पाच गट केले: नवेपणाची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि मनाची चंचलता. शिकल्यासवरल्या शहरी लोकांत हे पाच गट बऱ्याच देशांत सापडले. पण बोलिव्हियाच्या जंगलात शेती आणि शिकार करून राहणाऱ्या त्सिमाने लोकांपैकी 632 जणांना मायकेल गर्वेन आणि सहकाऱ्यांनी या पाच गटांवरचे प्रश्न विचारले, तेव्हा ते पाच नीट दिसलेच नाहीत. 2013 साली हा अभ्यास छापून आला. त्यात साधारण दोनच गोष्टी वर आल्या: लोकांत मिळून-मिसळून, त्यांच्या उपयोगी पडून राहणं आणि कष्टाळूपणा. आमच्या पारावर कोणाबद्दलही विचारा, "माणसात बसणारा हाये" आणि "कामाचा हाये" यापलीकडं तिसरं वाक्य क्वचित येतं. म्हणून मोबाइलवरच्या चाचणीत अंतर्मुख निघाली म्हणून रडत आलेल्या मुलीला मी सांगते, बाई, तू सोयाबीनच्या सवंगणीला दहा जणींत गाणी म्हणतेस, आणि वर्गात बोलत नाहीस. हे दोन्ही तूच आहेस.

आता तत्त्वज्ञानाकडं वळते, कारण गावात मानसशास्त्रापेक्षा तेच जास्त बोललं जातं. हरिनाम सप्ताहात एका महाराजांनी गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला तेहतिसावा श्लोक सांगितला होता: ज्ञानी माणूसही आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो, निग्रह काय करणार? बायका मान डोलवत होत्या. पण त्याच्या लगेच पुढच्या श्लोकात आवडी-नावडींच्या ताब्यात जाऊ नको, असं सांगितलं आहे. आणि सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलपणाची तक्रार करतो तेव्हा कृष्ण म्हणतो, अभ्यासानं आणि वैराग्यानं ते धरता येतं. गीता प्रकृती मान्य करते, पण तिथं थांबत नाही. अर्धा श्लोक उचलून बायकांना सहन करायला सांगणं मला पटत नाही.

बौद्ध परंपरा याहून पुढं जाते. मिलिंद राजानं भिक्खू नागसेनाला विचारलं, नागसेन म्हणजे नेमकं काय? नागसेनानं राजाच्या रथाकडं बोट दाखवलं. चाक म्हणजे रथ का? आख म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? सगळे भाग विशिष्ट रीतीनं जुळले की त्याला आपण रथ म्हणतो, तसंच माणसाचं. आत न बदलणारा असा कोणी बसलेला नाही. त्यानंतर कित्येक शतकांनी, 1739 साली, डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं जवळपास हेच लिहिलं: मी स्वतःच्या आत डोकावतो तेव्हा मला थंडी, ऊन, प्रेम, द्वेष असं काहीतरी सापडतं, 'मी' सापडत नाही.

शहरातल्या पुस्तकांत हा वादाचा मुद्दा असेल. विदर्भात तो लोकांनी जगून पाहिलेला आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. आमच्या गावातल्या एक आजी तेव्हा नव्या नवरी होत्या. सासरच्यांबरोबर रेल्वेनं गेल्या होत्या. मी त्यांना एकदा विचारलं, आजी, परत आल्यावर काय बदललं? त्यांनी आधी भाजीची जुडी बाजूला ठेवली. "घरातले देव नदीत शिरवले. आन पाटलाच्या वाड्यासमोरून जातानी पायातली चप्पल काढनं सोडलं." मग म्हणाल्या, "तोंड माहं तवा बी तिखट होतं, आजबी हाये." त्यांच्या सुना हसल्या, कारण ते खरं आहे.

माझ्या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही. तिखट तोंड हा त्यांचा स्वभाव. तो फारसा हलला नाही. आपण कोण आहोत, कोणापुढं वाकायचं नाही, कोणाच्या बरोबरीचे आहोत, हे मात्र बदललं, आणि आयुष्य त्यानं बदललं. बावीस प्रतिज्ञांमध्ये सर्व माणसं समान आहेत असं मी मानतो, अशी एक प्रतिज्ञा आहे. ती घेताना कोणी कोणाला तुझा स्वभाव कसा आहे, हे विचारलं नव्हतं. माणूस म्हणजे त्याचा स्वभाव, हे समीकरणच मला मान्य नाही, ते या आजींमुळे.

एका ठिकाणी तर हे समीकरण घातक ठरतं. एखाद्या कास्तकारानं जीव दिला की तेरवीच्या आत गावात बोललं जातं, "मनानं कच्चा होता." नापिकी, कर्ज, पडलेला भाव, मुलीचं लग्न, हे सगळं त्या तीन शब्दांखाली झाकलं जातं. दुसऱ्याच्या वागण्याची कारणं आपण त्याच्या परिस्थितीत न शोधता त्याच्या स्वभावात शोधतो. ली रॉस यांनी 1977 साली या सवयीला मूलभूत चूक म्हटलं. हे ऐकत मोठी होणारी त्या घरातली मुलं माझ्या वर्गात बसतात. आपणही कच्चेच, असं त्यांच्या मनात बसतं. त्यांच्यासमोर हे वाक्य कोणी बोललं तर मी तिथंच अडवते, मग तो माणूस कितीही मोठा असो.

आणि जो माणूस पूर्वी बोलका होता, तो दोन-तीन आठवडे कोणाशी बोलत नाही, झोपत नाही, जेवत नाही, वावरात जायचं सोडून देतो, त्याला कृपा करून घुम्या झाला म्हणू नका. इतक्या थोड्या दिवसांत झालेला बदल हा स्वभाव नसतो, आजार असू शकतो. अनेकदा ते नैराश्य असतं, कधी थायरॉइडही असतं. त्याला समजावत बसण्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी रुग्णालयात घेऊन जा, तिथं मानसिक आजारांचे उपचार होतात. रात्रीबेरात्री भीती वाटली तर 14416 वर फोन लावा. ही सरकारी टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.