नौदलाच्या कुंपणाआत: आमची वाटचाल

जहाजांच्या इंजिनांचे सुटे भाग साठवून पुरवण्याचा आमचा लहानसा व्यवसाय फिलिपिन्समधील सुबिक बे मुक्त बंदर क्षेत्रात 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. तो तेथे का तगला, हे समजण्यासाठी त्या जागेचा इतिहास ठाऊक असावा लागतो.

जून 1991 मध्ये पिनातुबो ज्वालामुखीच्या राखेने येथे असलेला अमेरिकी नौदलाचा तळ झाकला गेला. त्याच वर्षी 16 सप्टेंबरला फिलिपिन्सच्या सिनेटने तळांचा नवा करार 12 विरुद्ध 11 मतांनी फेटाळला आणि 24 नोव्हेंबर 1992 रोजी नौदल निघून गेले. हजारो स्थानिक कामगारांचा रोजगार गेला. मात्र त्याआधीच, मार्च 1992 मध्ये, लष्करी तळांच्या नागरी वापरासाठी रूपांतराचा प्रजासत्ताक कायदा 7227 झाला होता, आणि शेजारच्या ओलोंगापो शहराचे महापौर रिचर्ड गॉर्डन यांच्या पुढाकाराने हजारो स्वयंसेवकांनी विनावेतन पहारा देऊन गोदामे, वीजकेंद्र व धक्के लुटीपासून वाचवले. आमच्यासारख्या नंतर आलेल्या व्यावसायिकांवर त्या लोकांचे ऋण आहे, असे मी मनापासून मानतो.

आमच्या व्यवसायाचा खरा आधार मात्र कुंपण हा आहे. कायदा 7227 ने आखलेल्या मुक्त बंदर क्षेत्रात ओलोंगापो शहर आणि सुबिक नगरही येत होते. परंतु राष्ट्राध्यक्ष फिदेल रामोस यांच्या 1993 च्या कार्यकारी आदेशाने पूर्ण कर व शुल्कमाफी केवळ जुन्या तळाच्या कुंपणाआतील सुरक्षित भागापुरती ठेवली. बाहेरच्या काही जणांनी या भेदाला आव्हान दिले, तेव्हा 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. लष्कराने सुरक्षेसाठी उभारलेले कुंपण अशा प्रकारे सीमाशुल्काची हद्द झाले.

व्यवहारात याचा अर्थ असा की, परदेशातून आणलेला पिस्टन किंवा पंप आमच्या गोदामात पडून असेपर्यंत त्यावर आयात शुल्क लागत नाही. तो परदेशी जाणाऱ्या जहाजावर चढला तर कधीच लागत नाही. मात्र तोच नग प्रवेशद्वारातून देशांतर्गत बाजारात गेला, तर शुल्क व कर भरावेच लागतात. त्यामुळे आमच्याकडे विक्रीपेक्षा साठ्याच्या नोंदींना अधिक मान आहे, कारण एक नग जरी हिशेबात जुळला नाही तरी तो चोरून बाहेर गेल्याचा संशय येऊ शकतो. हे काम आम्हाला तळावरच्या जुन्या भांडारपालांनी शिकवले. भाग क्रमांकानुसार मांडणी, मोजणी आणि सहीशिवाय वस्तू न हलवणे ही त्यांची शिस्त आजही आमच्याकडे पाळली जाते.

पुढे धक्केही बसले. तळाच्या क्युबी पॉइंट येथील जुन्या धावपट्टीवर 1995 पासून चालणारे एका जागतिक कुरियर कंपनीचे आशियाई केंद्र 2009 मध्ये चीनमधील ग्वांगझूला हलले आणि विमानाने तातडीने भाग मागवण्याची आमची सोय संपली. त्यानंतर आम्ही साठा वाढवला आणि 2008 मध्ये खुल्या झालेल्या सुबिक–क्लार्क–टारलाक द्रुतगती मार्गाने क्लार्क विमानतळावरून माल आणू लागलो.

इतर करांऐवजी एकूण उत्पन्नावर 5 टक्के भरण्याच्या विशेष सवलतीला कंपनी कर व सवलतींच्या सुधारणेसाठीच्या 2021 च्या क्रिएट कायद्याने कालमर्यादा घातली. तरीही गोदामाचा भाडेकरार वाढवताना आम्ही हिशेब मांडला तो खोल बंदराचा, कुंपणाचा आणि नोंदी ठेवू शकणाऱ्या माणसांचा, आणि करार वाढवला.